आव्याचा धूर आणि साखरेची गोळी

धाराशिव जिल्ह्यांत तेरणेच्या काठीं वसलेलें तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पैठणच्या जोडीनें त्याचा मोठी पेठ म्हणून उल्लेख आहे. मराठी मनाला मात्र तें ओळखीचें आहे तें संत गोरा कुंभार यांचें गांव म्हणून. कुंभाराचा आवा पेटला म्हणजे शेणी, भुसा आणि काटक्या यांचा धूर घरादारांत शिरतो. भक्तिकथांना चिखल तेवढा ठाऊक. कुंभाराच्या छातीला धूरहि ठाऊक असतो.

त्या धुराशीं निकट संबंध असलेला विकार म्हणजे ब्राँकायटिस, अर्थात् श्वासनलिकांच्या अंतस्त्वचेचा दाह. त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखणें अगत्याचें आहे. पडशामागून येणारा अल्पकालिक प्रकार बहुधा विषाणूंमुळें होतो. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो आणि आपोआप ओसरतो. लागोपाठ दोन वर्षें, दरवर्षीं निदान तीन महिने कफासह खोकला राहिला व त्यास दुसरें कारण सांपडलें नाहीं, तर तो जुनाट ब्राँकायटिस. नलिकांच्या आंत केसाहून सूक्ष्म तंतू सतत हालत राहून धूळ व कफ वर लोटीत असतात. धुरानें ते लुळे पडतात, कफ वाढतो, आणि तो बाहेर काढण्यास खोकल्यावांचून उपाय उरत नाहीं. विडी-सिगारेट हें मुख्य कारण. पण जन्मांत विडी न ओढलेल्या गृहिणीसहि चुलीपुढें बसून हा विकार जडतो, याचा घरोघर विसर पडतो.

छातींत कफ घुरघुरतो पण सुटत नाहीं, अशा वेळीं होमिओपॅथींत ‘अँटिमोनियम टार्टारिकम’ देण्याचा प्रघात आहे. मूळ द्रव्य अँटिमनीचा एक क्षार. मोठ्या मात्रेंत तें वांती करवितें. तीस नंबरच्या गोळीसाठीं तें शंभरास एक या प्रमाणांत तीस वेळां पातळ करतात. गणितानें पाहतां गोळींत त्याचा एक कणहि उरण्याचा संभव नाहीं. उरते ती साखर. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१५ सालीं उपलब्ध प्रयोगांची छाननी केली. कोणत्याहि विकारावर ही पद्धति गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा तिला आढळला नाहीं. मग गुण येतो तो कसा? गोळी पुष्कळदां दुसऱ्या आठवड्यांत सुरू होते, आणि तिसऱ्यांत खोकला जायचाच असतो.

गोळी निरुपद्रवी खरी. तिच्या भरंवशावर गेलेला काळ तसा नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला क्षयाचाहि असूं शकतो, व त्यासाठीं थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यांत मोफत होते. थुंकींत रक्त दिसल्यास वा धाप लागल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांना गांठावें. जुनाट विकारांत विडी सुटली आणि धूर हटला, तरच औषधाला कांहीं वाव. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेंतून पुष्कळ घरीं गॅस पोंचला. तरी आंघोळीच्या पाण्यासाठीं अंगणांत चूल पेटते, आणि तिच्यापुढें फुंकणी घेऊन बसलेली असते ती बहुधा घरांतील खोकणारी आजीच.