जनावरालाही मन असते



म्हैस पान्हा चोरते म्हणून आपण तिच्या पाठीत काठी घालतो. पण पुष्कळदा ती चोरत नाही, घाबरलेली असते. पारडाने ढुसण्या दिल्या, कास धुतली, की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते आणि थोड्या वेळात पान्हा सुटतो. भीतीने अ‍ॅड्रेनलिन पाझरते. पान्हा अडतो, दूध कासेतच राहते.

तेव्हा धारेची वेळ आणि माणूस शक्यतो बदलू नका. गोठ्यात आरडाओरडा नको. नावाने हाक मारा, मानेखाली खाजवा, कोमट पाण्याने कास धुवा आणि ५ ते ७ मिनिटांत धार संपवा. पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचू नका.

जनावर हसते का, ते सांगता येणार नाही. पण सोडलेले पारडू शेपटी वर करून उधळते, तो त्याचा खेळच. आणि मारणारा हात मात्र जनावर बरोबर ओळखते, बरं का!