दंश पायाला, दुखणे काळजाला

(आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘आपले शरीर’ या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. मी सातवी शिकलेली. शरीराची माहिती मिळाली ती मुलांचा अभ्यास घेता घेता, त्यांच्याच पुस्तकांतून. त्या पुस्तकांत एक धडा हृदयाचा, दुसरा फुप्फुसांचा, तिसरा मूत्रपिंडांचा अशी वाटणी असते. आपल्या अंगात मात्र सगळ्यांचा संसार एकत्र आहे. एकाचे बिघडले की दुसऱ्याला भोगावे लागते. हे कसे, ते सांगण्यासाठी मी आपल्या निडीत घरोघरी ठाऊक असलेला प्राणी निवडला आहे. तो म्हणजे विंचू.

आधी निरोगी माणसाच्या अंगात काय चालते ते पाहू. हृदय आपल्या मुठीएवढे. मिनिटाला सुमारे ७२ ठोके, म्हणजे दिवसाला लाखभर. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि जवळजवळ तेवढेच रक्त हृदय दर मिनिटाला पुढे ढकलते. त्याची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे धाडते आणि डावी बाजू साऱ्या अंगाला पुरवते. फुप्फुसांत हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. त्यांची भिंत इतकी पातळ की हवेतला प्राणवायू तिच्यातून थेट रक्तात उतरतो. तेच रक्त आतड्यांपाशी अन्नरस उचलते आणि मूत्रपिंडांत गाळले जाते. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर तेवढे लघवीवाटे सोडून बाकीचे रक्तात परत घालतात. इतकी काटकसर आपल्यापैकी कोणाला साधायची नाही!

या सर्वांना हुकूम देते ती मज्जासंस्था. हात उचलावा, पाऊल टाकावे, हे आपल्या मर्जीने होते. पण हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, घाम, लाळ ही कामे आपोआप चालतात. त्यांचा कारभार पाहणारे मज्जातंतू दोन तऱ्हेचे आहेत. अंधारात पायाजवळ काही सळसळले की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार होतात. हे एका तऱ्हेचे काम. जेवण उरकून ओटीवर निवांत टेकले की नाडी संथ होते आणि पचन सुरू होते. हे दुसऱ्या तऱ्हेचे काम. दोन्ही एकमेकांना आवरून असतात, म्हणून आपले बरे चालते.

तांबड्या विंचवाचे विष नेमके इथेच घाव घालते. आपल्या खारेपाटात बांधाला उघाडी असते, ती सर्वांनी पाहिली आहे. भरतीच्या वेळी तिची झडप मिटली नाही तर खारे पाणी शेतात शिरतच राहते. मज्जातंतूंनाही अशाच अगदी बारीक झडपा असतात. त्यांतून मिठातला सोडियम आत शिरला की निरोप पुढे जातो, आणि मग झडप मिटते. विष ती मिटू देत नाही. निरोपामागून निरोप सुटत राहतात आणि दोन्ही तऱ्हेचे मज्जातंतू बेलगाम होतात.

आधी दरदरून घाम, वांत्या, तोंडाला लाळ. मग रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. अरुंद झालेल्या वाटांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. पुढे न गेलेले रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि हवेच्या पिशव्यांत पाणी भरते. खोकला येतो, धाप लागते, तोंडाला गुलाबी फेस येतो. माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो. पुढे रक्तदाब कोसळला तर मूत्रपिंडांनाही रक्त पुरत नाही. भगिनींनो, दंश पायाच्या अंगठ्याला आणि संकट काळजाला, ते असे.

ही गोष्ट उलगडली ती आपल्याच जिल्ह्यात, याचा मला फार अभिमान वाटतो. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आले. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. विंचू चावून धडधाकट माणसे आणि खेळती मुले दगावताना त्यांनी पाहिली. ते रोग्यांच्या उशाशी बसून राहिले. घाम किती, नाडी कशी, रक्तदाब किती, हातपाय गार की ऊन, याची ते टिपणे ठेवीत. १९८२ साली त्यांचा लेख लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय पत्रात छापून आला. पुढे त्यांनी प्राझोसिन ही गोळी वापरून पाहिली. हे औषध रक्तदाबासाठी आधीच वापरात होते. आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते आणि हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी विष अंगभर भिनलेल्या शंभर रोग्यांत ३० ते ४० दगावत. या उपचाराने ते प्रमाण शंभरात १ च्या आसपास आले. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या, हे आपल्या मंडळात मुद्दाम सांगायला हवे. २०११ साली त्या दोघांनी ७० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोळीच्या जोडीला विंचवावरची प्रतिलसही दिलेले रोगी सरासरी ८ तासांत सावरले. नुसत्या गोळीवर त्यांना सुमारे १८ तास लागले. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

आता कोणी म्हणेल, पूर्वी मंत्राने विंचू उतरत असेच ना? त्याचे कारण ऐका. काळ्या मोठ्या विंचवाची, म्हणजे इंगळीची, कळ भयंकर असते, पण जिवाला धोका क्वचितच. तांबड्या विंचवाचेही पुष्कळ दंश नुसती आग करून शमतात. असा रोगी मंत्राविनाही बरा व्हायचाच असतो. यश मात्र मांत्रिकाच्या पदरात पडते. ज्याच्या अंगात विष खरोखर भिनले, त्याचे मोलाचे तास अंगणात निघून जातात.

आमच्या आळीत उन्हाळ्यात पेंढा काढताना एका सात-आठ वर्षांच्या मुलाला विंचू चावला. सारे जण पाय धरून बसले होते. मुलगा रडायचा थांबला, तेव्हा कोणी म्हणाले, “उतरला हो!” त्याच्या आजीने मात्र त्याचे हात हातात घेतले. मे महिन्याच्या दुपारी तळवे थंडगार आणि कपाळावर घामाचे थेंब. “पाय सोडा आणि गाडी आणा,” एवढेच म्हातारी बोलली. पोर वेळेवर सरकारी दवाखान्यात पोचले आणि तिसऱ्या दिवशी घरी आले. आजीला अक्षरओळख नव्हती. पण पाहावे कोठे, हे तिला ठाऊक होते.

म्हणून भगिनींनो, पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या. विंचू चावल्यावर जागा कापू नये, घट्ट दोरी बांधू नये. माणसाला धीर द्यावा, चालवू नये. कळ थांबावी म्हणून गार पाण्याची पट्टी ठेवावी. घाम, वांती, लाळ, गार तळवे, धाप यांची वाट पाहत घरी बसू नये. लगेच दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. लहान मुलांना धोका अधिक, कारण विष तेवढेच पण अंग लहान. गोळी आपल्या मनाने देऊ नये; तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून डॉक्टर ती रोग्याला निजवून, लक्ष ठेवून देतात. पेंढा, गोवऱ्या, लाकडे काठीने हलवून मगच उचलावी. वहाणा आणि अंथरूण झाडून घ्यावे. जांभ्याच्या दगडांची रास घराला लागून ठेवू नये.

मुलाचा ताप आपण कपाळाला हात लावून ओळखतो. तोच हात विंचू चावल्यावर तळव्यांना लावावा, श्वास मोजावा, आणि दवाखान्यात गेल्यावर काय पाहिले ते डॉक्टरांना वेळेसकट सांगावे. घाम केव्हा सुटला, वांत्या किती झाल्या, हे घरातल्या बाईइतके नेमके दुसरे कोण सांगणार?