शुश्रूषेची पारख

(मंडळाच्या वर्धापनदिनी मुक्ताईनगर येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी काही गोड बोलावे, असा रिवाज आहे. चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो मात्र वृद्धाश्रमाचा, आणि मी तो मुद्दाम घेतला. ज्या मुक्ताईवरून आपल्या गावाचे नाव पडले, तिने वयाने कितीतरी वडील असलेल्या चांगदेवांना शहाणे केले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हा वडीलधाऱ्यांविषयी चार कठीण गोष्टी येथे बोलावयास हरकत नसावी.

हल्ली आपल्याकडील पुष्कळ घरांतून मुले-सुना पुण्यास, मुंबईस किंवा परदेशी आहेत. घर आणि केळीची बाग म्हाताऱ्यांच्या हवाली असते. ती धडधाकट असेतो सारे ठीक चालते. पण एखादे दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो, खुबा मोडतो, आणि मग कोठे ठेवावे याची चौकशी सुरू होते. ‘नर्सिंग होम’ म्हटले की आपल्याकडे बाळंतपणाचा नाहीतर शस्त्रक्रियेचा खाजगी दवाखाना समजतात. मी बोलणार आहे ते त्याविषयी नव्हे. ज्या वृद्धाश्रमांत अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करतात, त्यांविषयी मला बोलावयाचे आहे.

ही सोय आपल्या प्रांताला अगदीच नवी नाही. पुण्यास डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधार व पंगू माणसांसाठी घर उभे राहिले ते १८६०च्या दशकात. राज्य सरकारची वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना १९६३ सालची आणि मातोश्री वृद्धाश्रमांची १९९५ सालची. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांना पुरेल असा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे भिंती आणि खाटा यांचा विचार झाला. पण त्या खाटेवरच्या माणसाची शुश्रूषा चांगली होते की नाही, हे ओळखावयाचे कसे? मला ते ओळखता आले नव्हते. त्याची किंमत आमच्या सासूबाईंनी दिली.

त्यांचा खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, आणि पुढचे काही महिने त्यांना दूरच्या एका शहरातील वृद्धाश्रमात ठेवावयाचे ठरले. मी स्वतः जाऊन जागा पाहिली. फरशी आरशासारखी होती, दारात तुळस होती, देवघरात समई तेवत होती. व्यवस्थापकांनी चहा दिला. कॅमेरे दाखविले. मी समाधानाने परत आले. तिसऱ्या आठवड्यात भेटावयास गेले, तेव्हा सासूबाईंचे ओठ कोरडे पडलेले दिसले. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर त्या हळूच म्हणाल्या, “पानी कमी पेलं का रातचं कोनाले उठवा लागत नाही, माय.” मी त्यांना कुशीवर वळविले. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती.

मला प्रथम राग आला तो तेथल्या मावशींचा. नंतर कळले, की रात्री त्या एकट्या असत आणि त्यांच्याकडे अठ्ठावीस माणसे होती. त्या तरी काय करणार? आणि मी फरशी पाहून परत आले होते, हेही तितकेच खरे. सासूबाईंना घरी आणले. जखम भरावयास चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी जे वाचले, विचारले व शिकले, तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

अमेरिकेत ॲव्हेडिस डोनाबेडियन या नावाचे एक वैद्य होऊन गेले. रुग्णसेवेचा दर्जा कसा तपासावा, यावर त्यांनी १९६६ साली एक लेख लिहिला. जगभर आजही त्याचा आधार घेतात. त्यांचे म्हणणे आपल्याला स्वयंपाकघरातच कळेल. तीन गोष्टी पाहाव्या : घरात सामान काय आहे, रांधतात कसे, आणि ताटात काय येते. नुसता भरलेला कोठा पाहून कोणी स्वयंपाकाला चांगला म्हणत नाही. मी मात्र कोठाच पाहिला होता.

आता पहिली गोष्ट, सामान. येथे सर्वांत मोलाचे सामान म्हणजे माणसांचे हात, आणि ते मोजावयाचे रात्रीचे. दिवसा दहा माणसे वावरताना दिसतात. रात्री दोन वाजता कोण जागे असते, हे विचारावे. त्यांत शिकलेली परिचारिका किती, हेही विचारावे. एक साधा हिशेब सांगते. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या माणसाला साधारणपणे दर दोन तासांनी वळवावे लागते. एकाला नीट वळवून, चादर सारखी करावयास दोघींना सहा मिनिटे लागतात असे धरा. असे दहा जण असले, तर दोन तासांतला एक तास यातच जातो. उरलेल्या तासात कोणाला संडासला न्यावयाचे, कोणाचे कपडे बदलावयाचे, कोणाला पाणी पाजावयाचे. मग एकटीच्या हातून ते कसे होणार? तेथे तक्ता कितीही सुबक टांगलेला असो, वळविणे होत नाही हे समजावे.

दुसरी गोष्ट, रांधणे. म्हणजे प्रत्यक्ष काय करतात. वेळ न कळविता जावे आणि जेवणाच्या वेळी जावे. कळण्याची भाकरी दात नसलेल्या माणसापुढे तशीच ठेवून दहा मिनिटांनी ताट उचलतात, की दुधात नाहीतर वरणात कुस्करून भरवितात, ते पाहावे. पाण्याचा पेला खाटेवरून हाताशी येतो का, तेही पाहावे. म्हातारपणी तहान कमी लागते, आणि वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी ‘मागितले तर देतो’ हे उत्तर पुरेसे नाही. सासूबाईंसारखी किती माणसे कोणाला त्रास नको म्हणून तहान मारीत असतील! रात्रीची घंटा एकदा स्वतः वाजवून पाहावी आणि किती वेळाने कोण येते ते घड्याळात पाहावे. माणसाला नावाने हाक मारतात, की ‘सात नंबर’ म्हणतात, तिकडे कान द्यावा. कपडे बदलताना पडदा ओढतात का, ते पाहावे. कोणाला खाटेला बांधलेले दिसले, किंवा भर दुपारी सगळेच गुंगीत दिसले, तर डॉक्टरांनी ते कशासाठी आणि केव्हा लिहून दिले, हे स्पष्ट विचारावे.

तिसरी गोष्ट, ताट. म्हणजे माणसाच्या शरीरावर काय परिणाम झाला. येथे शरीर खोटे बोलत नाही. दर महिन्याला वजन करतात का? पन्नास किलो वजनाच्या बाईचे एका महिन्यात अडीच किलो घटले, तर ती गंभीर गोष्ट आहे आणि डॉक्टरांना दाखविली पाहिजे. टाच, खुबा व माकडहाड या जागा प्रत्येक भेटीत स्वतः पाहाव्या. तांबूस डाग दिसला तर बोटाने दाबावा. दाबल्यावर तो फिका होत नसेल, तर जखमेची ती सुरुवात समजावी. आपल्या सावळ्या कातडीवर तांबडेपणा सहज दिसत नाही. म्हणून तेवढा भाग गरम, कडक किंवा अधिक काळवंडलेला लागतो का, ते हाताने पाहावे. मला हे ठाऊक असते, तर ती जखम तळहाताएवढी होईतो वाट पाहावी लागली नसती.

अशी जखम होण्याचा संभव कोणास अधिक, हे आधीच ओळखता येते. इंग्लंडमधील डोरीन नॉर्टन या परिचारिकेने इस्पितळातील वृद्ध रोग्यांचा अभ्यास करून १९६२ साली त्याचे एक माप दिले. शरीराची प्रकृती, मनाची जाग, चालणे-फिरणे, हातपाय हलविण्याची शक्ती आणि मलमूत्रावरील ताबा, या पाच गोष्टींना १ ते ४ गुण द्यावयाचे. वीसपैकी १४ किंवा कमी आले, तर त्या माणसाला विशेष जपावे. याला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. पाहणारी नजर आणि एक कागद पुरतो. ज्या आश्रमात असे काही माप घेत असतील, तेथे विचार करून काम चालते असे म्हणावयास हरकत नाही.

आणखी एक प्रश्न मी हमखास विचारते : “गेल्या महिन्यात येथे किती जण पडले?” “आमच्याकडे कोणी पडतच नाही,” असे उत्तर आले, की माझा विश्वास उडतो. पन्नास म्हाताऱ्या माणसांत कोणीतरी पडतेच. नोंद नाही याचा अर्थ कोणी पाहिले नाही. “तिघे पडले, म्हणून संडासात दांडी बसविली आणि रात्रीचा दिवा चालू ठेवला,” असे जेथे सांगतात, तेथे मी माझे माणूस ठेवीन.

भगिनींनो, यावरून वृद्धाश्रम वाईट आणि घर चांगले, असा अर्थ कृपा करून घेऊ नका. सासूबाईंना घरी आणल्यावर पहिले चार दिवस मीही रात्री दोनदा उठावयास चुकले. एकट्या सुनेच्या जिवावर घरातली शुश्रूषा टाकली, तर तिचीही त्या मावशींसारखीच गत होते. हातांचा हिशेब घरातही तोच आणि टाचा पाहावयाच्या त्याही तशाच. घरातील पुरुषांनी आणि दूरच्या मुलांनी पैशाबरोबर रात्रीच्या पाळ्याही वाटून घेतल्या पाहिजेत. आज ही गोष्ट येथे नुसती ऐकून सोडू नका. घरी जाऊन बोला.

आता मंडळाकडे माझे एक मागणे आहे. आपण हळदीकुंकू करतो, सहली काढतो, ते जरूर करावे. त्याबरोबर एक वही घालावी. आपल्या तालुक्यातील जी माणसे जळगावला, भुसावळला किंवा आणखी कोठे आश्रमात आहेत, त्यांच्याकडे पंधरा दिवसांतून एकदा दोघीजणींनी जावे. घरच्यांची व त्या माणसाची संमती आधी घ्यावी. तपासनीस म्हणून जाऊ नये, माहेरचे माणूस म्हणून जावे. सोबत चार केळी न्यावी आणि सेवा करणाऱ्या मावशींचीही विचारपूस करावी. परतल्यावर वहीत एवढेच लिहावे : पेला हाताशी होता का, टाचा कशा होत्या, वजन किती, नावाने हाक मारली का. काही गैर दिसले तर आधी व्यवस्थापकांशी बोलावे. ऐकले नाही, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ या क्रमांकाची सरकारी मदतवाहिनी आहे, तेथे कळवावे.

ज्याच्याकडे कोणी येते, त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष राहते, असा माझा अनुभव आहे. म्हणून नियम आणि कायदे यांच्याबरोबरच आपली ही ये-जा चालू राहिली पाहिजे.

सासूबाई पुढे दोन वर्षे आमच्यात होत्या. शेवटपर्यंत रात्री पाणी मागावयास त्यांना संकोच वाटे, आणि मी न मागता देत असे. ही सवय त्या तीन आठवड्यांनी लावली की त्याआधीच्या आयुष्याने, हे मला आजवर सांगता आलेले नाही. आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी असे कोणीतरी आहे. आज घरी गेल्यावर त्यांच्या उशाचा पेला भरलेला आहे का, तेवढे पाहा.