यष्टींमागचा माणूस
(वार्षिक स्नेहसंमेलनातील गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे; पुढचा सारा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतीत गेला. थोर विद्वानांची चरित्रे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. म्हणून ज्या खेळाचे वेड आम्हांस बाळपणापासून आहे, त्या क्रिकेटमधील एका यष्टिरक्षकाची कथा आज आपणांसमोर ठेवीत आहो. ते गृहस्थ म्हणजे कै. माधव मंत्री. ते कोणत्या ज्ञातीचे, याची चौकशी आम्ही मुद्दामच केली नाही. ती का केली नाही, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल.

प्रथम यष्टिरक्षकाचे काम काय, ते पाहू. दिवसाची ९० षटके म्हणजे ५४० चेंडू. प्रत्येक चेंडूला त्याने खाली बसावयाचे, उठावयाचे आणि हा चेंडू आपल्याच हातात येणार असे समजून सिद्ध राहावयाचे. फलंदाजाने तो तटवला तर सिद्धता वाया गेली. पण म्हणून पुढच्या चेंडूला आळस करण्याची मुभा नाही. ५३९ चेंडू नीट सांभाळले तर कोणी टाळी वाजवीत नाही. एक झेल सुटला की साऱ्या मैदानाला त्याची आठवण होते. आपल्या घरातील माउलीचेही तसेच असते. वर्षभराचा स्वयंपाक कोणाच्या लक्षात राहत नाही. एके दिवशी भात करपला की तेवढा राहतो. बरे, यष्टिरक्षकाची सुटका एवढ्यावरही होत नाही. हातमोजे काढले की त्याने बॅट घेऊन धावाही काढावयाच्या!

माधव मंत्री यांचा जन्म १ सप्टेंबर १९२१ रोजी नाशिक येथे झाला. मुंबईत दादर युनियन संघाचे ते आधारस्तंभ झाले. १९४८-४९ च्या हंगामात पुणे येथे रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात मुंबई व महाराष्ट्र यांची गाठ पडली. त्या एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या. मुंबईच्या पहिल्या डावातील ६५१ धावांत मंत्री यांच्या २०० होत्या. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने तीन वेळा रणजी करंडक जिंकला. त्या काळी हा खेळ पोट भरणारा नव्हता. बहुतेक खेळाडू उदरनिर्वाहासाठी नोकरी करीत आणि ती सांभाळून खेळत. २०२४ च्या नोव्हेंबरात ऋषभ पंत या यष्टिरक्षक-फलंदाजाला आयपीएलच्या लिलावात २७ कोटी रुपये मिळाले, हे ऐकणाऱ्या आजच्या मुलांना त्या दिवसांची कल्पना येणे कठीण आहे.

आता एक दुःखाचा प्रसंग सांगतो. १९५२ च्या जून महिन्यात लीड्स येथे इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना चालू होता. भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि पहिल्या चौदा चेंडूंत चार गडी परतले. धावफलकावर धावा शून्य! पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर, चौघांच्याही नावापुढे शून्य. फ्रेड ट्रूमन या नवख्या, तेज गोलंदाजाने मंत्री यांच्या यष्टी उडविल्या आणि लगेच पुढच्या चेंडूवर मांजरेकरांच्या. याच मांजरेकरांनी पहिल्या डावात १३३ धावा काढल्या होत्या, हे मात्र पुष्कळांना आठवत नाही. सामना भारताने गमावला.

विद्यार्थिमित्रहो, त्यापुढे काय झाले ते ऐका. नंतरच्या लॉर्ड्स कसोटीतही मंत्री यष्टींमागे उभे होते. शून्याचा डाग अजून ओलाच होता. पण खाली बसणे, उठणे, सिद्ध राहणे हा क्रम चुकला नाही. इंग्लंडचा कर्णधार लेन हटन १५० धावांवर बाद झाला, तो मंत्री यांच्याच हातात झेल देऊन. निवड करणाऱ्यांनी एका दिवसावरून माणूस मोजला नाही आणि माणसानेही एका दिवसावरून स्वतःला मोजले नाही.

१९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यात मंत्री आपली शेवटची कसोटी खेळले. यष्टिरक्षणाचे हातमोजे मात्र त्या मालिकेत नरेन ताम्हाणे या मुंबईच्याच तरुणाच्या हातात होते. आपली जागा दुसऱ्याने घेतली, हे शेजारी उभे राहून पाहणे सोपे नसते. मंत्री यांनी क्रिकेटशी असलेले नाते तोडले नाही. ते पुढे राष्ट्रीय निवड समितीवर होते. १९९० च्या इंग्लंड दौऱ्यात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. त्याच दौऱ्यात सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने आपले पहिले कसोटी शतक काढले. २३ मे २०१४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, मंत्री यांनी मुंबईत देह ठेवला.

चार कसोटी सामने आणि अवघ्या ६७ धावा, एवढाच त्यांचा कसोटीतील जमाखर्च. मग त्यांचीच कथा का? तर एका स्वेटरसाठी. मंत्री यांच्या भगिनीचा एक लहान मुलगा मामांकडे जात असे. भारताचे बोधचिन्ह असलेले मामांचे स्वेटर पाहून त्याला मोह झाला आणि यातला एक मी घेऊ का, असे त्याने विचारले. मामांनी नकार दिला. हे असे कोणाकडून घ्यावयाचे नसते, घाम गाळून मिळवावयाचे असते, असे त्यांनी भाच्याला समजाविले. तो भाचा म्हणजे सुनील गावसकर. ही हकीकत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात कृतज्ञतेने नोंदविली आहे. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो आणि शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावून बसत होतो. १९८७ साली कसोटीत दहा हजार धावांचा टप्पा ओलांडणारे ते जगातील पहिले फलंदाज झाले. ६७ धावांच्या मामाने १०,१२२ धावांच्या भाच्याला काय दिले? एक नकार दिला. कपाटातला स्वेटर दिला असता, तर तो थंडीपुरता उपयोगी पडला असता.

मंत्री यांच्या निधनाचे वृत्त वाचले, त्या दिवशी आम्ही फार अस्वस्थ झालो. कारण आम्हीही एकदा असा प्रसंग पाहिला होता आणि तेथे आमचा तोल गेला होता. शाळेच्या क्रिकेट संघाची जबाबदारी आमच्याकडे होती. दोन वर्षे एक गरीब घरचा मुलगा यष्टिरक्षण करीत होता. तालुका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याच्या हातून एक झेल सुटला आणि फलंदाजीत तो शून्यावर बाद झाला. अंतिम सामन्यात आम्ही हातमोजे आपल्या पुतण्याला दिले. झेल सुटला हे कारण आम्ही सर्वांना सांगितले, स्वतःलाही सांगितले. खरे कारण असे की, थोरल्या बंधूंनी आदल्या रात्री शब्द टाकला होता. तो मुलगा काही बोलला नाही. उन्हात वाळवून आणलेले हातमोजे त्याने पुतण्याच्या हाती दिले आणि आतले सुती मोजे कसे घालावेत, तेही दाखविले. सामना आम्ही जिंकलो, म्हणून कोणी जाब विचारला नाही. तो मुलगा पुन्हा मैदानावर आला नाही. पुतण्याचेही मन खेळात रमले नाही. वर्षभरात हातमोजे शाळेच्या कपाटात परत आले. त्या मुलाची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आज ही गोष्ट आपल्या सर्वांसमक्ष सांगून आम्ही मनावरील थोडा भार उतरवीत आहो.

आता घरचीच गोष्ट. आमची नात यंदा दहावीची परीक्षा देत आहे. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तिने आणला आणि सहजपणे म्हणाली, "आजोबा, निवड समितीत तुम्हीच आहात ना? मग माझी झालीच!" पोरीच्या मनात कपट नव्हते. हे तिने आपल्या वडीलधाऱ्यांकडून, म्हणजे आमच्याकडूनच, ऐकून ऐकून उचलले होते. आम्हांला त्या स्वेटरची आठवण झाली. आम्ही तिला म्हटले, "बाळे, अर्ज तू कर. समितीत आम्ही राहणार नाही."

अध्यक्ष महाराज, आमचा राजीनामा आज या व्यासपीठावर आपल्या स्वाधीन करीत आहो. त्यासोबत एक नम्र विनंती आहे. अर्जावरील नाव, गाव व पालकांचा हुद्दा झाकून ठेवावा आणि समितीने केवळ गुण व गरज पाहावी. यामुळे काही पदाधिकाऱ्यांची मुले मागे राहतील, कदाचित आमची नातही राहील. त्याची आम्हांस खंत वाटणार नाही. जन्माने आपण एका ज्ञातीचे झालो, त्यात आपला घाम नाही. म्हणूनच मंत्री यांच्या ज्ञातीची चौकशी आम्ही केली नाही. मंडळाने मुलांना मैदान द्यावे, पुस्तके द्यावीत, पडल्यास हात द्यावा. स्वेटर मात्र ज्याचा त्याने मिळवावा.

आणि विद्यार्थिमित्रहो, ज्यांचे नाव आज पुकारले गेले नाही, त्यांना एवढेच सांगणे की, लीड्सनंतर लॉर्ड्स असते. पुढच्या चेंडूला सिद्ध राहा.