सुटा डबा, पातळ चिलखत
विज्ञानकथेसाठी हलकं मालवाहू यान रेखाटायचं असेल, तर १९७५ साली सुरू झालेल्या ‘स्पेस: १९९९’ या ब्रिटिश मालिकेतलं ईगल यान जरूर पाहा. त्याचे रचनाकार ब्रायन जॉन्सन यांनी मधला डबाच सुटा ठेवला. माणसं न्यायची की सामान, तसा डबा जोडायचा. फार देखणी कल्पना!

पण यानाची खरी कसोटी अवकाशातल्या वेगवान कणांपासून वाचवणाऱ्या चिलखताची. जाड पोलाद चढवलं की वजन वाढतं आणि इंधन संपतं. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४७ मध्ये वेगळा मार्ग सुचवला: मुख्य भिंतीबाहेर थोडं अंतर सोडून पातळ पत्रा लावायचा. सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने येणारा कण पत्र्यावर आदळताच फुटतो, त्याचा भुगा मधल्या पोकळीत पसरतो आणि भिंत वाचते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकालाही अशीच कवचं आहेत. तुमच्या यानाचे पत्रेही सुटे ठेवा. भोक पडलं की तेवढाच पत्रा बदलायचा.