पाण्याची वही
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवनिधीतून संस्थेच्या आवारात कूपनलिका घ्यावी, अशी सूचना आपल्यापुढे आली आहे. तीमागील हेतू चांगला आहे. तथापि होकार देण्यापूर्वी आपले लक्ष एका जुन्या कामाकडे वेधावे, असे आम्हांस वाटते.

बऱ्हाणपुरकरांस कुंडी भंडारा सांगणे म्हणजे काशीकरांस गंगा दाखविणे होय. (कुंडी की खूनी, या नावाच्या वादात आम्ही शिरत नाही.) अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळी, इ. स. १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी भुयारातून शहराकडे आणण्यात आले. भुयारावर शंभराहून अधिक कुंड्यांची रांग आहे. मोट नाही, रहाट नाही. बारीक उतारावरून पाणी आपल्या पायांनी चालत येते. इराणात अशा भुयारास कनात म्हणतात. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आपला भंडारा गेला, याचा आपणां सर्वांस रास्त अभिमान आहे.

आम्हांस त्यातील खुबी निराळीच वाटते. भूजलाची पातळी भुयाराच्या वर असेल तोवरच त्यात पाणी झिरपते. ती खाली गेली की झिरपणे थांबते. जमिनीच्या ऐपतीबाहेर उचल करण्याची सोयच त्यात ठेवलेली नाही. कूपनलिकेचे तसे नव्हे. पातळी उतरली की आपण पंप आणखी खाली सोडतो, आणि किती उतरली हे कोणाच्याच ध्यानात राहत नाही. त्यातून आपला मुलूख केळीचा. केळ काही चार महिन्यांच्या पाण्यावर जगत नाही. भुयाराच्या भिंतींवर क्षारांची पुटे चढूनही पाणी घटते, हे खरे. मग दोष पुटांचा की पातळीचा? मोजल्यावाचून हे सांगता यावयाचे नाही.

मोजणे अवघड नाही. विहिरीच्या कठड्यावर रंगाची एक कायम खूण करावी. वजन बांधलेल्या फितीच्या टोकाकडील भागास खडू फासून ती पहाटे, पंप सुरू होण्यापूर्वी, आत सोडावी. खडू कोठवर भिजला ते पाहिले की खोली कळते. तीतून कठड्याची उंची वजा करावयाची. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपण निदान मे आणि नोव्हेंबर चुकवू नयेत. त्या दोन आकड्यांतील अंतरावरून पावसाने काय दिले ते दिसते.

त्याच दिवशी राजघाटावर तापीची पातळीही नोंदावी. मात्र घाटाची पायरी आणि विहिरीचा कठडा यांची उंची एकदा दुर्बिणीच्या यंत्राने जोडून घ्यावी लागेल, नाहीतर दोन आकड्यांची तुलना व्यर्थ होय. काठच्या विहिरीतील पाणी नदीहून उंच असेल, तर ओढ जमिनीकडून नदीकडे असते; खाली असेल, तर नदीकडून जमिनीकडे. उन्हाळ्यात तापी रोडावते ती केवळ उन्हाने, की आपल्या पंपांनीही, याचा थोडाफार उलगडा येथे व्हावा.

कूपनलिकेस आमचा कायमचा विरोध नाही. दोन उन्हाळे थांबावे, इतकेच मागणे आहे. सभासदांपैकी ज्यांच्या घरी विहीर आहे, त्यांनी आज सभेनंतर आमच्याकडे नाव द्यावे. वही आणि फीत आम्ही आणली आहे.