शहाजोग

‘शहाजोग’ हा शब्द आज मराठीत कोणी गौरवाने वापरीत नाही. वरून साळसूद आणि आतून लबाड अशा माणसास तो लावला जातो. परंतु पेढीवरच्या व्यवहारात त्याचा अर्थ याच्या नेमका उलट होता. जिचे पैसे बाजारात पत असलेल्या, चार लोकांना ठाऊक असलेल्या शहालाच, म्हणजे सावकारालाच, द्यावयाचे ती शहाजोग हुंडी. अनोळखी माणसाच्या हाती अशी हुंडी असली, तरी एखाद्या शहाच्या मध्यस्थीवाचून ती वटत नसे.

शिंद्यांच्या अमदानीत उज्जैन ही अशा व्यवहाराची मोठी पेठ होती. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरास नेली, तरीही माळव्यातील अफूच्या व्यापारामुळे उज्जैनच्या पेढ्या गजबजलेल्याच राहिल्या. बायजाबाई शिंद्यांनी बांधविलेल्या गोपाळमंदिराच्या आसपास सराफा आजही नांदतो आहे. उज्जैनला लिहिलेली हुंडी शेकडो कोसांवरील पेठेत वटत असे. या पेढ्यांवर कोणी एक धनी नव्हता. रिझर्व्ह बँक स्थापन झाली ती १९३५ साली. त्यापूर्वी शतकानुशतके हे जाळे मध्यवर्ती सत्तेवाचून चालले.

मग खोट्या हुंडीचा बंदोबस्त कोण करी? हुंडी बनावट निघाली, तर जिने ती पुढे करून पैसे उचलले त्या शहाने ते व्याजासह परत करावेत, नाहीतर मूळ माणूस हजर करावा, असा रिवाज होता. थोडक्यात, ज्याने अनोळखी माणसाला दारात घेतले, त्यानेच त्याची जोखीम पत्करावयाची. या एका नियमावर धन्यावाचून चालणारा बाजार उभा होता.

हाच प्रश्न आज एका निराळ्याच पेठेत उभा राहिला आहे. समाजमाध्यमांची मोठी दालने एकेका कंपनीच्या मालकीची आहेत. त्यांना पर्याय म्हणून विकेंद्रित माध्यमे निघाली. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ साली सुरू केलेले ‘मॅस्टोडॉन’ हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. येथे एक मोठा वाडा नसून हजारो लहानमोठी घरे आहेत. प्रत्येक घर म्हणजे कोणीतरी स्वखर्चाने, पुष्कळदा फावल्या वेळात, चालविलेला एक सर्व्हर. ही घरे ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाच्या समान नियमावलीने परस्परांशी बोलतात. या नियमावलीस २०१८ साली प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. भारतात मॅस्टोडॉनचे नाव सर्वतोमुखी झाले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले, तेव्हा निषेध म्हणून अनेक भारतीयांनी या नव्या गावात बिऱ्हाड थाटले.

पण गाव म्हटले की तेथे भामटेही पोहोचतात. येथील भामटा मात्र माणूस नसतो. बॉट म्हणजे माणसासारखे खाते उघडून आपोआप मजकूर पाठविणारी आज्ञावली. बनावट हुंडी लिहावयास निदान कसबी हात लागे. बॉटला काही मिनिटांत शेकडो खाती उघडता येतात आणि हजारावा संदेश पाठविण्यास पहिल्याइतकाही खर्च येत नाही. रोगाचे मूळ या फुकटेपणात आहे. १९७८ साली अमेरिकेत गॅरी थुर्क यांनी संगणकाच्या जाहिरातीचे एकच पत्र सुमारे चारशे जणांना एकदम धाडले. अनाहूत ईपत्रांच्या उपद्रवाचा तो आरंभ मानला जातो. १९९२ साली सिंथिया ड्वर्क व मोनी नाओर या शास्त्रज्ञांनी सुचविले, की पत्र पाठविणाऱ्या संगणकास आधी थोडे गणित सोडवावयास लावावे, म्हणजे एका पत्रास ते जाणवणार नाही, पण लाखभर पत्रे महाग पडतील.

विकेंद्रित जाळ्याची खरी कसोटी फेब्रुवारी २०२४ मध्ये लागली. त्या महिन्यात असंख्य वापरकर्त्यांवर निरर्थक संदेशांचा आणि डबाबंद मांसाच्या एका चित्राचा मारा झाला. जपानमधील काही मुलांच्या आपसांतील भांडणातून तो उद्भवल्याचे वृत्त होते. या माऱ्याची वाट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. हल्लेखोर भरभक्कम पहाऱ्याच्या मोठ्या घरांकडे फारसे वळले नाहीत. मालक निघून गेलेली आणि दार सताड उघडे राहिलेली लहान घरे त्यांनी हेरली, तेथे आपोआप खाती उघडली आणि त्या घरांच्या नावाने साऱ्या गावात धुमाकूळ घातला. दोष कोणाच्या दुष्टपणाइतकाच कोणाच्या तरी विस्मरणाचाही होता.

त्यानंतर मॅस्टोडॉनने जे बदल केले, त्यांत जुन्या पेढीचा रिवाजच नव्या रूपाने आढळतो. नव्या सर्व्हरवर नावनोंदणी मुळातच बंद राहील; चालकाने ती जाणूनबुजून उघडावी. ज्या घरात आठवडाभर एकही नियंत्रक फिरकला नाही, तेथील खुली नोंदणी आपोआप बंद होऊन प्रत्येक अर्जास मंजुरी लागेल. ज्याला दार राखता येत नाही, त्याने ते लोटून घ्यावे, इतका हा साधा न्याय आहे.

शेजारच्या घराकडून उपद्रव होऊ लागल्यास चालकाच्या हाती दोन उपाय असतात. त्या घराचा आवाज मर्यादित करावा, म्हणजे तेथील मजकूर न मागता कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. किंवा त्याच्याशी संबंधच तोडावा. दुसरा उपाय जालीम आहे. एका घरात दहा बॉट आणि शंभर सज्जन असले, तर संबंध तोडताच ते शंभर जणही निरपराध असून वाळीत पडतात. म्हणून प्रथम आवाज मर्यादित करावा, चालकास कळवावे, आणि उत्तर न आल्यासच दार बंद करावे, हा क्रम शहाणपणाचा. बहिष्काराच्या तयार याद्याही उपलब्ध असतात. परंतु ज्या यादीत कारण लिहिलेले नाही, ती डोळे मिटून स्वीकारणे म्हणजे न वाचता हुंडीवर सही करण्यासारखे आहे. प्रत्येक बॉट लबाड असतो असेही नाही. हवामान वा पंचांग देणारा बॉट आपण यंत्र असल्याचे स्वतःच जाहीर करतो. जे यंत्र माणसाचे सोंग घेते, तेवढेच वर्ज्य.

हा प्रश्न दूरदेशीचा वाटेल, पण तो तसा नाही. २०२८ साली उज्जैनला सिंहस्थ भरावयाचा आहे. समजा, तेथील एखाद्या मराठी तरुणाने यात्रेकरूंना रस्ते, घाट आणि निवास यांची खरी माहिती मिळावी म्हणून असे एक लहानसे घर चालविले. आणि परीक्षेच्या धांदलीत महिनाभर तिकडे पाहिले नाही. तेवढ्यात खोली मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारी खोटी खाती तेथे शिरतील. नाशिकची एखादी आजी फसेल, आणि इतर घरांनी संबंध तोडल्यामुळे खऱ्या माहितीचीही वाट बंद होईल.

जुन्या रिवाजाची एक उणीवही मात्र सांगितली पाहिजे. शहाला शहा ओळखे. ज्याची ओळख नव्हती त्या गरिबाला पेढीच्या उंबऱ्याशीच थांबावे लागे. आजच्या जाळ्यात तसे होता कामा नये. नवा माणूस, नाव झाकून दुःख सांगणारी स्त्री, अडखळत लिहिणारा खेडूत, यांना दार उघडलेच पाहिजे. त्यासाठी कुलपापेक्षा दारात माणूस असणे अधिक महत्त्वाचे. तो माणूस सहसा बिनपगारी असतो. फसवा संदेश दिसताच त्याला उत्तर न देता चालकास कळविणे, आणि जमल्यास सर्व्हरच्या खर्चास थोडा हातभार लावणे, एवढे प्रत्येक रहिवाशास करता येईल. धनी नसलेल्या गावात पहाऱ्याची पाळी सर्वांवर येते. ती पाळी जो चुकवीत नाही, तोच जुन्या अर्थाने शहाजोग.